पहिले तीन आकडे

उंदराच्या शेपटीला पट्टा बांधून त्याचं बीपी मोजायचं, हा माझा धंदा होता. कुणाला सांगितलं की आधी हसायचे आणि मग हळूच विचारायचे, "उंदराला बीपी असतं?" असतं बाबांनो. तुमच्याआमच्यासारखंच असतं, आणि काही उंदरांना तर जन्मापासून असतं. रोह्याच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीची छोटी प्रयोगशाळा होती. नव्वद साल उलटल्यावर मी तिथे चिकटलो आणि सात-आठ वर्षं हेच केलं.

आठवडाभर रोह्याला खोली, आणि शनिवारी शिफ्ट सुटली की पेणजवळ हमरापूरला घरी. घरात गणपतीचा कारखाना. ओसरीपासून मागच्या पडवीपर्यंत नुसते गणपती, माणसांनी अंग चोरून चालायचं. आणि प्रत्येक मूर्तीच्या पायाशी एक उंदीर असतोच. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, त्यावरून मला पिडायचा. "माझे उंदीर बरे. लाडू धरून गप बसतात. चावत नाय, मुतत नाय, आन् बीपी तर नायच नाय." मी म्हणायचो, "तुझे विकले जातात, माझे कापले जातात." मग तो कानांवर हात ठेवायचा. गणपतीचं वाहन मारून पोट भरणारा भाऊ घरात असणं त्याला खरंच लागायचं, पण बोलायचा हसूनच.

दादा डोळ्यांची आखणी करायचा. रंग कुणीही देतं, पण मूर्तीचे डोळे सगळ्यांना जमत नाहीत. श्वास धरून एका झटक्यात रेघ ओढावी लागते, आणि रेघ चुकली तर मूर्ती तिरळी बघते. पंचक्रोशीतले लोक आपल्या मूर्ती त्याच्याकडे डोळ्यांपुरत्या घेऊन यायचे. घर त्याच्या उजव्या हातावर उभं होतं, मी कितीही कंपनीत असलो तरी.

आमच्या घराण्यात बीपी आहे. बाबा ह्याच कारखान्यात रंगाच्या डब्यांत कोसळले तेव्हा मी दहावीला होतो. उजवी बाजू लुळी पडली, आणि आठ महिन्यांनी गेले. आजोबा तसेच गेले म्हणतात. त्यामुळे पेणच्या डॉक्टरांनी दादाला जेव्हा सांगितलं की तुला बीपी आहे, रोज गोळी घे, तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. तेव्हा दादा छत्तिशीत होता आणि मी त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटा. बाबा गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. तो गेला तर मी कुणाचा?

गोळी त्याला सोसेना. गरगरायचं, तोंड सुकायचं, आणि मुख्य म्हणजे हात ढिला पडतो म्हणायचा. "रेघ लोळते रे," म्हणायचा. एक दिवस मला बाजूला घेऊन म्हणाला, "तू रोज तेच करतोस ना? मग तूच बघ एकदा. डॉक्टरच्या तिथं मी नुसता जाऊन बसलो तरी घाम फुटतो मला. खरंच हाय का, तू सांग."

हे ऐकून मी फुगलो. खोटं कशाला बोलू? दहावीला दोनदा नापास झालेला मी, मला कुणीतरी विचारतंय.

आता आमच्या प्रयोगशाळेची पद्धत सांगायला हवी. उंदराला पिंजऱ्यातून काढून नळीत घालायचं, उबेला ठेवायचं म्हणजे शेपटीची शीर फुगते, मग शेपटीला पट्टा चढवून हवा भरायची. एक सुई लांबच लांब कागदाच्या गुंडाळीवर रेघा मारत जाते. पण पिंजऱ्यातून काढलेला उंदीर घाबरलेला असतो. त्याचे पहिले आकडे आभाळाला टेकलेले. ते भीतीचे आकडे, बीपीचे नव्हेत, असं आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. पहिले तीन आकडे धरायचेच नाहीत. उंदीर शांत झाला, आकडा खाली येऊन ठरला, की तो वहीत लिहायचा. काही उंदीर लगेच शांत व्हायचे, काहींना फार वेळ लागायचा. मी थांबायचो. माझा स्वभाव तापट, माणसांशी दोन मिनिटं धड बोलता येत नाही, पण उंदरांपुरता माझा धीर मोठा होता. सगळ्यांत चांगले आकडे माझ्या वहीत असतात असं प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम चारचौघांत सांगायच्या.

कंपनीच्या प्रथमोपचाराच्या खोलीतलं पाऱ्याचं यंत्र मी सांगून-विचारून शनिवारचं घरी न्यायला लागलो. माणसाचं कसं मोजायचं ते तिथल्या नर्सबाईंनी शिकवलं होतं. रविवारी जेवण झालं, दादा भिंतीला टेकून बसला, मी त्याच्या दंडाला पट्टा बांधला. पहिला आकडा एकशे ऐंशी. टाकला. दुसरा एकशे सत्तर, तोही टाकला. तिसराही टाकला. मग आम्ही गप्पा मारत बसलो, जोह्याच्या मावशीकडचं काय, यंदा भात कसं. अर्ध्या-पाऊण तासाने पुन्हा मोजलं तर एकशे तीस. मी म्हटलं, "दादा, तुला काही नाही. डॉक्टरला बघून घाबरतोस, तेवढंच."

जनावराचं शिकलेलं मी माणसाला लावलं. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

दादाने गोळ्या बंद केल्या. त्याचा हात पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि तो खूश झाला. दर रविवारी मी मोजायचो, दर रविवारी पहिले तीन टाकायचो, आणि शेवटचा आकडा त्याला सांगायचो. दोन वर्षं असं चाललं. वहिनी एकदा म्हणाल्या होत्या, "भावजी, सीझनला यांचं तोंड लालबुंद होतं. कानशिलं उडतात. व्यापारी दारात येऊन ओरडत असतो ना, तेव्हा मोजा की एकदा." मी त्यांच्यावर केवढ्याने खेकसलो. "मोजायचं कसं ते मला शिकवू नका. तुमचं तुम्ही बघा." त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही, आणि आज वाटतं की त्यांनी तेव्हा माझ्या थोबाडीत मारली असती तर फार बरं झालं असतं.

इकडे रोह्याला मॅडमचं वेगळंच चाललं होतं. मॅडम पुण्याच्या, तिशीच्या आतबाहेरच्या, उंदरांशी मराठीत बोलायच्या आणि आमच्याशी इंग्रजीत. त्यांच्याकडे उंदरांची दोन घराणी होती. एक जन्मत: बीपीवाल्यांचं, एक साध्यांचं. बीपीवाल्यांच्या गुणसूत्राचा एक छोटा तुकडा साध्या उंदरांत आणायचा, असा त्यांचा घाट. म्हणजे दोघांचं लग्न लावायचं, पिल्लांतलं तो तुकडा आलेलं पिल्लू निवडायचं, त्याचं लग्न परत साध्याशी. असं पिढ्यान् पिढ्या. शेवटी उंदीर सगळा साधा, तुकडा तेवढा बीपीवाल्यांचा. मी त्यांना म्हटलं, "हे तर आंब्याचं कलम झालं." तेव्हापासून सगळी प्रयोगशाळा त्यांना कलमी उंदीर म्हणायला लागली.

त्या तुकड्यात एक जनुक होता. सगळा संशय त्याच्यावर. मॅडमनी तो मुंबईहून अक्षर न् अक्षर वाचून आणवला, आणि बीपीवाल्यांचा आणि साध्यांचा जनुक तंतोतंत एकच निघाला. एका अक्षराचा फरक नाही. फरक सापडला तो जनुकाच्या बाहेर, अलीकडच्या मोकळ्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातून शरीरात काहीच घडत नाही, तो नुसता भरताड आहे, असं तेव्हा पुष्कळ जण समजायचे. त्याला कचरा म्हणायचे.

मी विचारलं, कचऱ्याने बीपी कसं वाढेल? मॅडमनी समजावलं आणि मी ते माझ्या डोक्याने कारखान्यात बसवलं. साचा दोन्ही घरी एकच. साच्यात खोट नाही, गणपती तसाच निघतो. पण किती काढायचे, कधी काढायचे, कधी थांबायचं, हे साचा सांगत नाही. ते दारात उभा राहून ओरडणारा माणूस सांगतो. फरक त्या ओरडणाऱ्यात होता.

त्याच दिवशी मी धीर करून विचारलं, "मॅडम, आमच्या घरात बीपी आहे. भावाचं रक्त देऊ का तपासायला?" त्या म्हणाल्या, "काय तपासणार? समजा जनुक नीट निघाला, तरी त्याचा अर्थ काहीच नाही. उंदराचं आत्ता कुठे कळतंय, माणसाचं अजून कुणाला सांगता येणार नाही. तुम्ही त्यांचं बीपी मोजत राहा." मी म्हटलं, "ते तर मी मोजतोच." केवढ्या दिमाखात म्हटलं.

पण कलमी उंदरांचं बीपी वाढेना. माझ्या वहीत त्यांचे आकडे साध्यांसारखेच. चार वर्षांची मेहनत पाण्यात गेली असं मॅडमना वाटायला लागलं. शेवटी त्यांनी काही कलमी उंदीर कापले आणि त्यांची हृदयं काट्यावर ठेवली. ती जड निघाली. भिंत जाड झालेली, वर्षानुवर्षं चढ्या बीपीखाली राबलेल्या हृदयाची असते तशी. मॅडमनी ती पुन्हा एकदा तोलून बघितली. मग मला म्हणाल्या, "बीपी नाही तर हृदय कशाने वाढलं? कधीतरी वाढतच असणार. आपण बघत नाही तेव्हा."

आणि मग म्हणाल्या, "तुमचे पहिले आकडे कुठे आहेत?"

वहीत नव्हते. पण कागदाच्या गुंडाळ्या मी फेकल्या नव्हत्या, स्टोअरमध्ये खोक्यांत भरून ठेवल्या होत्या. आम्ही त्या जमिनीवर उलगडल्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. मॅडम गुडघ्यांवर बसून पट्टी लावत होत्या आणि मी बाजूला उभा होतो. साधा उंदीर घाबरला की आकडा चढायचा आणि तिसऱ्या-चौथ्याला उतरायचा. कलमी उंदीर घाबरला की आकडा चढायचा आणि उतरायचाच नाही. आठ, दहा, बारा वेळा मोजलं तरी. मग कधीतरी खाली यायचा, आणि तो खालचा आकडा मी, शहाण्याने, वहीत लिहायचो. माझाच मोठा धीर आडवा आला होता. मॅडम वर बघून हसल्या. "सापडलं," म्हणाल्या. "विश्रांतीत बघून ह्यांचं काही कळत नाही. भीतीनंतर किती वेळ चढलेलं राहतं, त्यात आहे सगळं. आपण नेमकं तेच टाकत होतो."

मॅडमना आनंद झाला होता आणि मला एकशे ऐंशी, एकशे सत्तर दिसत होतं. पाऊण तास लागायचा. दादाला शांत व्हायला पाऊण तास लागायचा आणि मी जोह्याच्या मावशीच्या गप्पा मारत थांबायचो.

गणपती नऊ दिवसांवर आले होते. म्हणजे कारखान्यात ऐन घाई, व्यापाऱ्यांचे टेम्पो दारात, आणि दादा दिवसाला शंभर-दीडशे डोळे आखणारा. घरी फोन नव्हता. गावात एक चाचा होते, दुबईत वीस वर्षं काढून परत आलेले. त्यांनी नाक्यावर एसटीडी बूथ टाकला होता. मी कंपनीतून त्यांना फोन लावला. "चाचा, दादाला सांगा, आत्ताच्या आत्ता गोळी घे. पेणला डॉक्टरकडे जा." चाचा भला माणूस, बूथ उघडा टाकून स्वत: चालत गेले. परत आल्यावर त्यांनीच मला फोन केला. "त्याला सांगितलं. तो हसतो. म्हणतो, तोच म्हणाला नको, आता तोच म्हणतो घे. रविवारी येईल तेव्हा मोजू. आणि गोळ्या घरात नाहीत म्हणे."

मी यंत्र उचललं आणि न सांगता निघालो. दुपारची गाडी गेलेली. पेणची एसटी मिळाली, पण वडखळला रस्ता तुंबलेला. कोकणाकडे निघालेल्या गाड्या समोरून, मूर्ती भरलेले टेम्पो मधे घुसलेले, कुणी मागे सरकायला तयार नाही. एक तास एसटी तसूभर हलली नाही. मी कंडक्टरशी भांडलो, ड्रायव्हरशी भांडलो, शेजारच्या म्हाताऱ्याने "बस जरा, पोचशील" म्हटलं तर त्याच्यावरही ओरडलो. मग यंत्र छातीशी धरून उतरलो आणि वडखळपासून पेणच्या दिशेने चालत सुटलो. मनात देवाला काही म्हणत होतो असं नाही. नुसतं "थांब, थांब" असं चाललं होतं, आणि ते कुणाला म्हणत होतो मला माहीत नाही. पुढे एक रिक्षा मिळाली, ती घरी पोचल्यावर दारातच थांबवून ठेवली.

पोचलो तेव्हा दादा पाटावर बसून मूर्तीचे डोळे आखत होता. दारात व्यापारी उभा, आवाज चढवून बोलत होता. संध्याकाळच्या आत पन्नास मूर्ती टेम्पोत चढल्या नाहीत तर पुढच्या वर्षीपासून जोह्याच्या कारखान्यांत जाईन म्हणत होता. दादाचं तोंड लालबुंद झालेलं. वहिनींनी सांगितलं होतं तसंच.

मी सरळ त्याच्या डाव्या दंडाला पट्टा बांधला. त्याने ब्रश खाली ठेवला नाही. मी हवा भरली, सोडली, आणि दोनशे वीसला ठोके ऐकू आले.

"किती?" दादाने विचारलं.

मला कळेना काय करावं. खरं सांगावं तर तो घाबरणार आणि आणखी चढणार. न सांगावं तर तो उठणार नाही. मी सांगितलं.

"आन् रविवारी किती व्हता?"

"एकशे तीस."

"मग दोन वर्सं तू काय मोजीत व्हतास?"

तो रागावला नव्हता. त्याला खरंच समजून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "तू शांत झालास की मग जो येतो, तो आकडा."

त्याने जरा विचार केला. "मी शांत कवा असतो रे?" म्हणाला. मग स्वत:च म्हणाला, "रविवारचा. तू आलास म्हंजे."

व्यापाऱ्याला मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. दादाने हातातला डोळा पुरा केला, ब्रश धुतला, आणि "चल" म्हणाला. वहिनी त्याची पिशवी भरायला आत धावल्या. त्याच रिक्षात आम्ही तिघे बसलो. पेणच्या अलीकडे त्याच्या उजव्या पायातली चप्पल गळून रस्त्यावर पडली. मी म्हटलं, "दादा, चप्पल." त्याने पायाकडे पाहिलं आणि त्याला कळलंच नाही की तो पाय त्याचा आहे.

पेणच्या दवाखान्यात वहिनी डॉक्टरांना सांगत होत्या, "दर रविवारी मोजत होते आमचे भावजी. ते कंपनीत तेच काम करतात. कधीच जास्ती नव्हतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. माझ्या बाजूनेच बोलत होत्या. मी त्यांना व्हरांड्यात नेऊन सांगितलं की वहिनी, जास्ती होतं. मला दिसत होतं. मी ते टाकत होतो. त्या म्हणाल्या, "मी म्हटलं होतं, व्यापारी असताना मोजा." एवढंच. त्यानंतर त्यांनी मला चहा आणून दिला.

दादाची उजवी बाजू गेली होती आणि वाचाही. डोळे उघडे असायचे. दंडाचा पट्टा रात्रंदिवस बांधलेलाच, नर्स दर तासाला येऊन बीपी लिहायची. दुसऱ्या दिवशी ती मला म्हणाली, "तुम्ही त्यांचे कोण?" मी म्हटलं, धाकटा भाऊ. ती म्हणाली, "तुम्ही हात धरून बसता तेव्हा यांचं खाली येतं. बाहेर गेलात की चढतं. मी बघतेय कालपासून. शक्यतो उठू नका."

सहा दिवस मी त्या स्टुलावरून नावापुरता उठलो. रोह्याला कळवलंसुद्धा नाही. सातव्या दिवशी सकाळी आकडा एकशे चाळीसवर ठरला होता. वहिनी म्हणाल्या, "मी बसते, तुम्ही आंघोळ करून या. अंगाला वास येतोय." बरं वाटतंय म्हणून मीही उठलो. दादाने डाव्या हाताने माझं मनगट पकडलं. मी म्हटलं, "आलोच, अर्ध्या तासात." त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि गेलो. परत आलो तेव्हा नर्स आकडा न लिहिताच त्याच्या दंडाचा पट्टा काढत होती.